वायर बदलता येणाऱ्या सुयांचा संच : कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

नवशिक्यांनी हा संच घेऊ नये. हे आधीच सांगून टाकते, कारण कोजागिरी झाली की माझ्याकडे वर्गाची चौकशी सुरू होते आणि दर दुसऱ्या फोनवर तोच प्रश्न असतो. "काकू, तो लाकडी रंगीत सुयांचा सेट येतो ना, वायर बदलता येणारा, तो मागवून ठेवू का?" व्हिडिओत त्या सुया दिसतात फार देखण्या. पेटी उघडली की जोड्या ओळीने लावलेल्या, आणि बघणारीला वाटतं, आपल्याकडे हे आलं की आपलंही विणकाम तसंच होईल. होत नाही. हात बसायला ८ नंबरची अ‍ॅल्युमिनियमची एक जोडी आणि फिक्या रंगाचा एक गुंडा पुरतो. ज्यांच्या हातचा एखादा तरी स्वेटर पुरा होऊन कोणाच्या अंगावर चढला आहे, त्यांनी मात्र पुढचं वाचावं. त्यांच्यासाठी ही वस्तू कामाची आहे, पण काही अटींवर.

मी नाशिकला इंदिरानगरात घरीच विणकामाचे दुपारचे वर्ग घेते. आधी शाळेत कार्यानुभव शिकवायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या हातातली चूक लांबून दिसायची सवय लागली आहे. घरच्यांसाठी विणणं त्याच्याही आधीपासूनचं. ह्यांचे बिनबाह्यांचे स्वेटर, दोन्ही मुलांचे शाळेचे स्वेटर, नणंदा-भावजयांच्या बाळंतपणांचे बाळंतविडे, आणि आता नात. माझा संच काही हिवाळे वापरात आहे आणि वर्गातल्या बायकांनीही आपापले आणले आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे. माझ्या पेटीवरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे निटप्रो आणि पोनी ही नावं सगळ्यांत जास्त ऐकू येतात. बाहेरच्या देशातल्या विणणाऱ्या बायका निटप्रोचं नाव घेतात तेव्हा त्यांतल्या अनेकींना ती आपल्याकडची कंपनी आहे हे माहीतही नसतं. अशा संचांची रचना मात्र साधारण सारखीच असते, आणि मला बोलायचं आहे ते रचनेबद्दल.

पेटीत काय असतं, तर आखूड सुयांच्या जोड्या, प्रत्येक सुईच्या मागच्या टोकाला आटे, दोन-तीन लांबीच्या वायरी, वायरीच्या टोकांना लावायची बुचं आणि आटे घट्ट करायला एक बारीक किल्ली. हवी ती जोडी हव्या त्या वायरीच्या दोन टोकांना जोडायची, की टाके सुयांवर आणि मधल्या वायरीवर बसतात. वायरीवर किंवा तिच्या पाकिटावर ६०, ८०, १०० असे आकडे असतात. इथे पहिला गोंधळ होतो. एकीने ६०ची वायर टेपने मोजली, ती भरली ३५ सेंटिमीटर, आणि मला म्हणाली, "फसवलं की हो काकू." फसवलेलं नसतं. ६० हा आकडा दोन्ही सुया लावल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा आहे. एकेक सुई साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास धरली की हिशोब जुळतो.

दुसरा गोंधळ नंबरांचा, आणि तो महागात पडतो. आपल्या आया-आज्यांपासून आपण जे नंबर म्हणतो ते जुन्या ब्रिटिश मापाचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन माप बरोबर उलटं चालतं, नंबर वाढला की सुई जाड. तिकडचा ६ नंबर म्हणजे आपला ८, आणि तिकडचा ८ म्हणजे आपला ६, म्हणजे ५ मिमी. ऑनलाइन मागवताना नुसतं "८ नंबर" बघून घेतलं तर ४च्या जागी ५ मिमी हातात येते आणि मुलाला बेतलेला स्वेटर बापाला होतो. वर्गात मी आता नंबर बोलतच नाही, मिलिमीटर बोलते. वयस्कर बायकांना ते रुचत नाही. त्यांच्यासाठी भोकं पाडलेली मापपट्टी ठेवली आहे, सुई घालून बघा आणि खात्री करा.

आता लाकडाबद्दल. हे संच धातूचेही मिळतात, पण माझं मत लाकडाच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आपली लोकर आहे. नाशकात आपण 'लोकर' म्हणून जे घेतो त्यातलं बहुतेक लुधियानाकडून येणारं अ‍ॅक्रिलिक असतं. ते स्वस्त, धुवायला सोपं, कसरीचं भय नाही, पण फार निसरडं. अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवरून त्याचे टाके घरंगळतात. लाकडावर धागा जरा धरून राहतो. ज्यांचा हात सैल आहे त्यांना याने एकदम फरक पडतो, टाके सारखे येऊ लागतात. उलट ज्या घट्ट विणतात त्यांचे टाके लाकडावर पुढे सरकत नाहीत, मग त्या ढकलत बसतात आणि मनगट दुखतं म्हणून तक्रार करतात. त्यांनी धातूच घ्यावा. आपला हात कोणता हे ओळखायची खूण सोपी आहे. विणून झालेल्या ओळीतल्या टाक्यात दुसरी त्याच मापाची सुई सहज शिरली तर हात सैल, शिरताना कुरकुरली तर घट्ट.

लाकडाचा आणखी एक गुण थंडीत कळतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की इकडे शहरातही सकाळी धातूची सुई हातात धरवत नाही. बोटांचे सांधे धरणाऱ्या बायकांना तर नाहीच. लाकूड तसं गार पडत नाही. आणि आवाज होत नाही. सून घरून काम करते, तिची मीटिंग चालू असताना मी शेजारच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांनी विणायला बसले की ती हळूच दार लोटून घ्यायची. आता दार उघडं असतं.

पण लाकडाची काळजी घ्यावी लागते. बारीक मापाची लाकडी सुई वाकवायची नाही, खुर्चीवर ठेवायची नाही, लहान मुलांच्या हाती तर मुळीच द्यायची नाही. अ‍ॅल्युमिनियमची सुई वाकली तर मांडीवर दाबून सरळ करता येते. लाकडाला तो उपाय नाही.

खरा उपयोग कुठे आहे ते सांगते. आपली नेहमीची पद्धत म्हणजे पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, दोन बाह्या वेगळ्या, मग मुंढे जुळवायचे आणि शिवायचं. विणकाम आवडणाऱ्या कितीतरी बायकांना शिवणी आवडत नाहीत. माझ्या वर्गात सगळे भाग विणून पिशवीत पडलेले आणि शिवायचे राहिलेले स्वेटर घेऊन येणाऱ्या दरवर्षी भेटतात. वायरच्या सुईवर गळ्यापासून सुरुवात करून गोल विणत खाली येता येतं. गळ्याचे टाके घालायचे, पाठ, पुढा आणि दोन बाह्या यांच्यामध्ये चार रेघा ठरवायच्या आणि एकाआड एक ओळीत प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे एका वाढीच्या ओळीत ८ टाके. मुंढ्यापर्यंत आलं की बाह्यांचे टाके सुट्या वायरीवर काढून दोन्ही टोकांना बुचं लावायची आणि अंग पुढे विणत राहायचं.

इथे बदलत्या वायरींचा फायदा पुरेपूर मिळतो. अंगाचे टाके लांब वायरीवर घ्यायचे, सुया काढून टोकांना बुचं लावायची, आणि तो अर्धवट स्वेटर मुलाच्या अंगात घालून बघायचा. गळा मोठा होतोय का, मुंढा काचतोय का, सगळं विणता विणताच कळतं. नात पुण्याला असते, ती सुट्टीत आली की मी मापं घेत नाही, सरळ तिच्या अंगावर चढवते. आणि पुढच्या हिवाळ्यात तिचे हात वाढले की बाहीची बॉर्डर उसवायची, टाके सुईवर घ्यायचे, दोन बोटं वाढवायची, परत बॉर्डर. खालून वर विणलेल्या स्वेटरला हे इतकं सोपं नसतं, कारण टाके घातलेल्या बाजूने विणकाम सरळ उसवत नाही. यासाठी मूळ लोकरीतला एक गुंडा बाजूला ठेवा. रंग तोच असला तरी लॉट नंबर वेगळा असेल तर जोड उन्हात उठून दिसते. मेनरोडला दुकानात दिवाळी ते संक्रांत लोकर भरपूर असते, मार्चमध्ये तीच छटा मागायला गेलात तर दुकानदार नुसती मान हलवतो.

टाक्यांचा हिशोब एकदा करून दाखवते, कारण वायरची लांबी त्यावर ठरते. नेहमीची मध्यम जाडीची लोकर ४ मिमीवर विणली तर साधारण १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके येतात. मुलाची छाती २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. सैलपणासाठी ५ धरा, झाले ६६. त्याला २.२ने गुणलं की १४५. आपण १४४ घेऊ, म्हणजे दोन सुलट दोन उलटची बॉर्डर बरोबर मिळते. घेर ६६ सेंटिमीटरचा असल्याने त्याला ६०ची वायर चालेल, ८०ची नाही. वायर घेरापेक्षा लांब असली तर टाके ताणले जातात आणि गोल पूर्ण होत नाही. मोठ्या माणसाच्या अंगाला ८०ची घ्यायची.

आणि नमुना गोलातच विणून मोजायचा. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक ओळ उलट असते, आणि बहुतेकींचे उलट टाके सुलटपेक्षा सैल असतात. गोलात सगळ्याच ओळी सुलट, त्यामुळे माप बदलतं. वर्गात या वाक्यावर सगळ्या मान डोलावतात आणि घरी जाऊन सपाट नमुनाच विणून आणतात.

गोल जोडताना टाके पिळले जाणं हा सगळ्यांत जास्त होणारा घोळ. पहिल्या ओळीत एकाही जागी टाका वायरीला वेढा घालून बसला की पूर्ण कामाला पीळ पडतो, आणि तो लक्षात येईपर्यंत चार बोटं विणून झालेली असतात. मग उसवण्यावाचून मार्ग नाही. मी सांगते, पहिल्या दोन ओळी सपाटच विणा, काठ जरा रुंद झाला की पीळ लगेच दिसतो, मग जोडा. तळाला राहिलेली छोटी फट सुरुवातीच्या धाग्याच्या शेपटाने शिवून टाका. शोभेला काही कमी होत नाही.

याच्या विरोधातलं मतही वर्गातच आहे आणि ते मला पटतं. पंचवटीच्या एक आजी येतात, शिकायला नव्हे, गप्पांना. त्या म्हणतात, "बिनशिवणीचा स्वेटर दोन धुण्यांत लोंबतो." लहान मुलांच्या हलक्या स्वेटरला ते लागू नाही. पण मोठ्या पुरुषाचा, जाड विणीचा, वेण्या घातलेला स्वेटर असेल तर खांद्याची आणि बाजूची शिवण सगळं वजन धरून ठेवते. ह्यांचे स्वेटर मी अजून भाग करूनच विणते आणि शिवते. फक्त ते भागही वायरीवर विणते, सपाटच, प्रत्येक ओळीला काम फिरवून. कारण वजन. मोठ्या पाठीचे टाके १४ इंची सरळ सुईवर घेतले की सगळा भार मनगटांवर येतो. वायरीवर तोच भार मांडीत पडतो. शाल किंवा पांघरूण विणायला घ्याल तेव्हा हा फरक पहिल्या तासातच कळेल.

त्या आजींना मात्र वायर कधीच जमणार नाही, कारण त्या उजवी सुई काखेत धरून विणतात. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या बायकांची ही पद्धत आहे आणि तिला तोड नाही, सुई स्थिर राहते आणि उजवा हात फक्त धागा टाकत जातो. वेग बघत राहावा असा. आखूड सुईला काखेत धरायला काही नसतं. तुमच्या सासूबाई किंवा आई असं विणत असतील तर त्यांना भेट म्हणून हा संच देऊ नका. कौतुक करतील, पेटी कपाटात ठेवतील.

प्रवासात मात्र याच्यासारखी सोय नाही. माझी एक विद्यार्थिनी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करते. सरळ सुयांनी विणायची तेव्हा शेजारणीच्या बरगडीत टोक लागायचं. वायरीवर हात मांडीच्या बाहेर जात नाहीत, आणि इगतपुरी-कसाऱ्याला गाडी हिसका देते तेव्हा सुई निसटून सीटखाली जात नाही, दोन्ही सुया एकमेकींना बांधलेल्याच असतात.

आता ज्या गोष्टींवर मी नाराज आहे त्या.

सगळ्यांत आधी मापं. असे संच बहुतेक वेळा ३.५ किंवा ४ मिमीपासून सुरू होतात आणि ८ मिमीपर्यंत जातात. ज्या देशांत जाड लोकर विणतात तिथे ते बरोबर असेल. आपल्याला लागतात त्या ४, ३.२५, ३ आणि २.७५. बॉर्डर आपण अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर घालतो, तेव्हा अंगाची ४ मिमी संचात आहे आणि बॉर्डरची ३.२५ नाही. बाळंतविड्याचं तर नावच नको. टोपडं, झबलं, मोजे हे बारीक लोकरीचं, बारीक सुईचं काम. त्यासाठी पूर्ण पेटीतलं एकही माप उपयोगी पडत नाही, आणि नाशकात नातेवाइकांसाठी विणणाऱ्या बाईचं निम्मं काम बाळांचंच असतं. (जाता जाता, तान्ह्या बाळाच्या कपड्याला पिसासारखी केसाळ लोकर वापरू नका, केस नाकातोंडात जातात. आणि गळ्याशी लांब रिबिन नको, बटण लावा आणि ते दोऱ्याने दोनदा पक्कं करा.)

दुसरं म्हणजे कानटोपी. पिंपळगाव बसवंतहून एक बाई शनिवारी एसटीने वर्गाला येतात. नवरा पहाटे द्राक्षबागेत जातो, थंडीचा कडाका वाढला की बागेत शेकोट्या पेटवायला मध्यरात्रीही उठतो. त्यांना पहिली वस्तू हवी होती कानटोपी. डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि टोपी त्याहून जरा कमी विणायची, म्हणजे लागते ४०ची वायर. संचातल्या नेहमीच्या लांबीच्या सुया ४०च्या वायरीला जोडल्या तर वायर इतकी थोडी उरते की ती वळतच नाही. त्यासाठी जास्त आखूड सुया वेगळ्या घ्याव्या लागतात. लांब वायरीचा फास मधून बाहेर काढून दोन भागांत विणायची युक्ती आहे, 'मॅजिक लूप' म्हणतात तिला, पण नव्या हाताला ती वैतागवाणी होते. त्या बाईंना मी आपल्या जुन्या पाच सुया दिल्या, दोन्हीकडे टोक असलेल्या. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं. शेंड्याकडे टाके कमी होत गेले तरी अडत नाही. टोपी झाली, नंतर मफलर झाला, आता त्या स्वेटरच्या पाठीवर आल्या आहेत.

तिसरं म्हणजे सांधा, आणि इथे पैसे वाचवायला जाऊ नका. वर्गातल्या एका मुलीने ऑनलाइन बराच स्वस्त संच मागवला, बांबूच्या सुया आणि पारदर्शक नळीसारखी वायर. सुई आणि वायर जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट. दर चार टाक्यांनी धागा त्यात अडकायचा, ती नखाने सोडवायची. शेवटी १४०च्या आसपास टाके सुईवर असताना वायर टोपणातून उपटून बाहेर आली. टाके वेचायला आम्ही तिघीजणी बसलो होतो, बारीक सुईने एकेक उचलत. विक्रेत्याने पैसे परत केले, पण त्या मुलीने महिनाभर विणकामाला हात लावला नाही, ते नुकसान कोण भरून देणार? घेताना एक करा. सुई वायरीला जोडा, किल्लीने घट्ट करा, आणि लोकरीचा धागा सांध्यावरून दोन्ही दिशांनी ओढून बघा. अडला तर परत करा, पुढे तो सुधारत नाही.

चांगल्या संचातही सांधा विणता विणता ढिला होतो, कारण विणताना काहींची बोटं सुई नकळत फिरवतात. दर दोन-चार ओळींनी बोटाने चाचपून बघायची सवय लावा. किल्ली इतकी बारीक असते की हरवतेच. ती पेटीत ठेवू नका, लाल धाग्यात ओवून कात्रीला बांधा. वायर पेटीत गुंडाळून राहिल्याने पिळलेली असेल तर फक्त वायर गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ होते. सुई पाण्यात घालायची नाही.

किल्ली जिथे घालायची ते बारीक भोक मात्र मला या रचनेतलं सगळ्यांत हुशारीचं वाटतं, आणि बहुतेकींना त्याचा दुसरा उपयोग माहीत नसतो. जाळीची वीण शिकवताना टाका सुटला की विद्यार्थिनी घाबरते, कारण जाळीत धागा पुढे घेऊन वाढवलेले टाके आणि दोनाचा एक केलेले टाके उसवल्यावर ओळखू येत नाहीत. त्या भोकातून गुळगुळीत सुती धागा ओवायचा आणि ओळ विणायची. सुईबरोबर तो धागा आपोआप सगळ्या टाक्यांतून ओढला जातो. पुढे काही बिघडलं तर निर्धास्त उसवा, त्या धाग्यापाशी येऊन काम थांबतं. पूर्वी मी हे मोठ्या सुईने एकेक टाका ओवून करायचे आणि त्यातच अर्धा तास जायचा. खुणेची कडी सुईवर असेल तर ती आधी काढा, नाहीतर तीही धाग्यात अडकून बसते. या एका सोयीसाठी जाळीच्या शाली विणणाऱ्या बाईने हा संच घेतला तरी मी तिला वेडी म्हणणार नाही.

वर्ग घेणाऱ्यांसाठी वेगळं गणित आहे. एक जोडी ४ मिमीची आणि वायरी चार-पाच असल्या तर तेवढ्या जणींचं काम सुरू ठेवता येतं. जिची पाळी नाही तिच्या वायरीला बुचं लावून ठेवायची, सुया दुसरीला द्यायच्या. सरळ सुयांवर हे होत नाही, काम अडकलं की सुईही अडकते. समजावून सांगतानाही सोपं जातं, अर्धवट काम वायरीवर सपाट पसरून टेबलावर ठेवता येतं आणि सगळ्यांना वाढीच्या रेघा दिसतात.

किंमत मी लिहीत नाही, ती दर महिन्याला आणि दर दुकानात बदलते. एवढं सांगते की चांगल्या संचाच्या पैशात घरातल्या चौघांच्या स्वेटरची लोकर येईल. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये तयार स्वेटर काय भावाने मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा विणणं स्वस्त पडतं म्हणून विणायला घेऊ नका, आणि संच घेतल्याने तर आणखीच नाही. माझा सल्ला विचाराल तर पूर्ण पेटी घेऊच नका. बहुतेक चांगल्या कंपन्या सुटी जोडीही विकतात. ४ मिमीची एक जोडी, वायरी दोन, ६० आणि ८०, आणि त्याच कंपनीत मिळाली तर ३ किंवा ३.२५ मिमीची एक जोडी. आटे एका कंपनीचे दुसरीला बसतील असं धरून चालू नका, म्हणून जे घ्यायचं ते एकाच नावाचं. आपल्या मेनरोड-रविवार कारंजाच्या दुकानांत अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ सुया आणि एकसंध वायरच्या सुया हमखास मिळतात. सुट्या जोड्या मला तिथे सापडल्या नाहीत. एका दुकानदारांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, वर्षातून एक गिऱ्हाईक येतं त्याचं, ठेवून काय करू?" त्यामुळे ते ऑनलाइनच मागवावं लागतं.

पेटीसकट घेतलेल्यांची अवस्था सांगायची तर माझ्या संचातल्या ४ मिमीच्या सुयांचा रंग टोकाला उडाला आहे आणि ७ आणि ८ मिमीच्या जोड्यांना अजून लोकर लागलेली नाही. कोणाला जाड लोकरीचं पांघरूण करायचं असेल तर दुपारी तीननंतर या आणि घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या. किल्ली तेवढी आपली आपण आणा.